पनवेल सोडल्यावर : कोकण रेल्वेच्या प्रवासातील ताप आणि नवल

पनवेल स्थानकाच्या लांब पल्ल्याच्या फलाटावर रात्री नजर टाकली, की कोकणात निघालेला प्रवासी चटकन ओळखू येतो. सुतळीने करकचून बांधलेली खोकी, पाण्याच्या मोठ्या बाटल्या, पेंगुळलेली मुले आणि त्यांच्याभोवती सामानाचा कोट करून बसलेली आजी. गाडीची वेळ काय, असे येथे फारसे कुणी विचारीत नाही. गाडी कुठवर आली, असे विचारले जाते. पूर्वी हा प्रश्न चौकशीच्या खिडकीपाशी होई, आता तो मोबाइलला विचारला जातो. उत्तराने होणारी चिडचिड मात्र तीच आहे.

कोकण रेल्वेच्या प्रवासाबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, गाड्या उशिरा धावतात, तिकीट मिळत नाही आणि पावसाळ्यात काही खरे नसते. दुसरी, खिडकीबाहेर जे दिसते त्याला देशात तोड नाही. या दोन्ही गोष्टी एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत, हे सहसा कुणी सांगत नाही. डोंगर पोखरून, नद्या ओलांडून नेलेला आणि बहुतांश भागात आजही एकेरी असलेला हा मार्ग ज्या कारणाने सुंदर आहे, त्याच कारणाने तो ताप देतो. त्याचे हे गणित समजून घेतले, तर निदान कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने आणि कोणत्या अपेक्षेने निघावे, एवढे तरी ठरविता येते.

पनवेल : एका दारात चार वाटा

मुंबईतून सुटलेली कोकणची गाडी हार्बर मार्गाने पनवेलला येत नाही. ती ठाण्याहून दिव्याला वळते आणि तेथून कळंबोलीवरून पनवेलला पोहोचते. दिल्ली-गुजरातकडून येऊन दक्षिणेत जाणाऱ्या गाड्यांपैकी अनेक गाड्या मुंबईत न शिरता वसई रोडमार्गे याच वाटेवर येतात. कर्जतकडून येणारा मार्ग पनवेललाच मिळतो. जवाहरलाल नेहरू बंदरातील कंटेनर घेऊन निघालेल्या मालगाड्याही याच परिसरातून मार्ग काढतात. शेजारच्या फलाटांवर हार्बर आणि ट्रान्स-हार्बरच्या लोकलची वर्दळ असते ती वेगळीच. थोडक्यात, दक्षिणेकडे जाणारे दार एक आणि त्यात शिरू पाहणारे अनेक, अशी पनवेलची स्थिती आहे. येथे एखादी मालगाडी अडली, की तिची झळ थेट सावंतवाडीपर्यंत पोहोचते.

२०२३च्या गणेशोत्सवानंतर हे प्रवाशांनी पुरते अनुभवले. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती. परतीची गर्दी ऐन भरात असताना ३० सप्टेंबरला दुपारी पनवेल आणि कळंबोलीदरम्यान मालगाडीचे डबे रुळांवरून घसरले. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या गाड्या वाटेत जागोजागी थांबविण्यात आल्या, मुंबईहून सुटणाऱ्या गाड्याही अडकल्या आणि विस्कटलेले वेळापत्रक दुसऱ्या दिवशीही सावरले नाही. त्याच रात्रीपासून समर्पित मालवाहतूक मार्गाशी निगडित कामांसाठी पनवेलच्या लोकलसेवेचा प्रदीर्घ ब्लॉकही सुरू झाला होता. त्यामुळे गाडी कशीबशी पनवेलला आली, तरी पुढे घरी जायला लोकल नाही, अशी अनेकांची अवस्था झाली. लहान मुले, वृद्ध आणि सणाचे सामान घेऊन छोट्या स्थानकावर तासन्‌तास बसून राहणे म्हणजे काय, हे त्या दोन दिवसांत हजारो कुटुंबांना कळले. अपघातात मनुष्यहानी झाली नाही, म्हणून त्याची फारशी चर्चाही पुढे राहिली नाही.

पनवेलच्या पुढे आपटा, पेण, नागोठणे, रोहा हा टप्पा मध्य रेल्वेच्या अखत्यारीत आहे. कोकण रेल्वे महामंडळाची हद्द रोह्यापासून सुरू होते आणि मंगळूरजवळ ठोकूर येथे संपते. सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग आहे. दिवा ते रोहा हा पट्टा दुहेरी झाला असून रोहा ते वीर हे सुमारे ४७ किलोमीटरचे दुहेरीकरण ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे महाडजवळच्या वीर स्थानकापर्यंत येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाडीला स्वतंत्र रूळ आहे. खरी कथा सुरू होते ती वीरच्या पुढे.

'क्रॉसिंगला थांबली आहे'

एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या केवळ स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात. त्यासाठी मुख्य रुळाला जोडून आणखी एक रूळ टाकलेला असतो. एक गाडी त्या बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहते, दुसरी मुख्य रुळावरून निघून जाते आणि पुढचा टप्पा मोकळा असल्याची खात्री झाल्यावर पहिलीला सिग्नल मिळतो. यालाच आपण 'क्रॉसिंग' म्हणतो. दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी, हा सुरक्षेचा पहिला नियम. साहजिकच दोन स्थानकांमधील अंतर जितके जास्त, तितकी वाट पाहणे जास्त.

येथे वेळापत्रकाचे नाजूकपण दडलेले आहे. वेळापत्रक आखताना कोणती गाडी कोणत्या स्थानकात कोणाला भेटेल, हे आधीच ठरलेले असते. एक गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली, की तिची भेट ठरलेल्या स्थानकात होत नाही. मग समोरची थांबते, तिच्या मागची थांबते आणि ज्या गाडीचा मूळ उशिराशी काहीही संबंध नव्हता, तिचे प्रवासी खेड किंवा विलवड्याला खिडकीतून अंधार पाहत बसतात. दुहेरी मार्गावर एका दिशेचा उशीर त्या दिशेपुरता राहतो. एकेरी मार्गावर तो दोन्ही दिशांना पसरतो.

आता थांबायचे कोणी? हा निर्णय नियंत्रण कक्षात होतो आणि तेथे गाड्यांची उतरंड ठरलेली असते. राजधानी, वंदे भारत, तेजस आणि अतिजलद गाड्या पुढे जातात, नंतर मेल-एक्स्प्रेस, आणि सर्वांत शेवटी पॅसेंजर. दिवा-सावंतवाडी किंवा दिवा-रत्नागिरी गाडीने नियमित जाणारा माणूस म्हणूनच घड्याळ बघत नाही. विरोधाभास असा, की गावोगावी थांबणाऱ्या आणि आरक्षणाविना परवडणाऱ्या गाड्या याच आहेत. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत जात असे. कोरोनाकाळात बंद झालेली ही गाडी पुन्हा सुरू झाली ती केवळ दिव्यापर्यंत. दादरला थेट उतरणाऱ्या प्रवाशाला आता सामानासह दिव्यात लोकल पकडावी लागते. दिव्यातील लोकलची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. इंदापूर, गोरेगाव रोड, सापे वामणे, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे अशी नवी स्थानके उभारून दोन थांब्यांमधील अंतर कमी करण्यात आले. काही ठिकाणी जादा रूळही टाकले गेले. प्रवाशाला वाटते, आणखी एक फुटकळ स्थानक आले. प्रत्यक्षात त्या स्थानकामुळे कुठली तरी गाडी वीस मिनिटे आधी सुटलेली असते. संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. डिझेलचा खर्च आणि धूर वाचला, परंतु विजेचे इंजिन लावल्याने रुळांची संख्या वाढत नाही.

मग वीरच्या पुढे दुसरा रूळ का टाकत नाहीत, हा प्रश्न दर गणपतीला विचारला जातो. त्याचे उत्तर डोंगराच्या पोटात आहे. येथील बोगदे एका रुळापुरते खोदलेले आहेत आणि उंच पूलही एका रुळाचेच आहेत. दुहेरीकरण करायचे म्हणजे जवळपास दुसरी कोकण रेल्वे बांधायची. म्हणूनच तुलनेने सपाट असलेला रोहा-वीर टप्पा आधी झाला आणि पुढचे काम खर्चाच्या डोंगराशी अडले.

समुद्र दिसतच नाही

प्रथमच या मार्गाने जाणाऱ्याला बसणारा पहिला धक्का म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत समुद्र दिसत नाही. नाव कोकण रेल्वे, चित्रांत नारळीची झाडे आणि निळी किनार. प्रत्यक्षात गाडी पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत किनाऱ्यापासून बरीच आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूने धावते. समुद्राची चाहूल लागते ती गोव्यात मांडवी-जुवारीच्या विस्तीर्ण पात्रांवर आणि पुढे कारवारच्या परिसरात.

याला कारण आहे. कोकणातल्या नद्या सह्याद्रीतून निघतात आणि काही तासांच्या चालीवर समुद्राला मिळतात. किनाऱ्याजवळ त्यांच्या खाड्या रुंद होतात. मार्ग किनाऱ्याने न्यावा तर प्रत्येक खाडीवर लांबलचक पूल हवा, आत न्यावा तर डोंगरांच्या सोंडा आडव्या येतात. अभियंत्यांनी मधला मार्ग निवडला आणि दोन्हींची किंमत मोजली. वेगवान गाड्यांसाठी चढ १५० मीटरला १ मीटर यापेक्षा तीव्र ठेवायचा नव्हता. त्यामुळे घाटासारखे वळसे घेऊन चढण्याची सोय उरली नाही. डोंगर आला की पोखरायचा, दरी आली की ओलांडायची. परिणाम असा, की या मार्गावर ९० हून अधिक बोगदे आणि लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. काश्मीरमधील पीर पंजाल बोगदा २०१३ मध्ये सुरू होईपर्यंत देशातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा तोच होता.

रत्नागिरीहून पुढे निवसरकडे जाताना पानवल नदीवरचा पूल लागतो. पात्रापासून ६४ मीटर उंचीचा. या पानवलचा आपल्या पनवेलशी काही संबंध नाही, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले नाव वाचून पनवेलकर हमखास फसतात आणि पूल आपल्याकडचाच असल्याचे सांगतात. पुलावर गाडी असताना दाराशी उभे राहून खाली पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. दोन्ही बाजूंना आधाराला काही नाही आणि वाऱ्याचा जोर अंदाजापेक्षा बराच अधिक असतो.

ही रेल्वे व्हावी म्हणून अ. बा. वालावलकर यांनी हयात वेचली, बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत आवाज उठविला. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस हे केंद्रात मंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के, असे सुरुवातीचे भागभांडवल ठरले. उरलेला पैसा मुख्यतः कर्जरोख्यांतून उभा राहिला. अवघ्या सात-आठ वर्षांत काम संपवून १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या.

या कर्जाचा एक धागा आपल्या तिकिटापर्यंत येतो. बांधकामाचा खर्च वसूल व्हावा म्हणून कोकण रेल्वेच्या हद्दीतील अंतर भाड्यासाठी ४० टक्के वाढवून धरण्याची पद्धत सुरुवातीपासून आहे. शंभर किलोमीटरच्या प्रवासाचे भाडे एकशेचाळीस किलोमीटरचे. तिकिटावर छापलेले अंतर नकाशातल्या अंतराशी का जुळत नाही, याचे कोडे येथे सुटते. भारतीय रेल्वेत विलीनीकरण झाल्यास दुहेरीकरणाला केंद्राच्या अर्थसंकल्पातून निधी मिळेल, या अपेक्षेने विलीनीकरणाची मागणी जोर धरत गेली. कोकण रेल्वे हे नाव कायम राहावे, या अटीसह महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये त्याला संमती कळविली.

चार महिन्यांचे वेगळे घड्याळ

२२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर कोसळलेल्या दरडीवर कारवारहून मुंबईकडे येणारी सुटीची विशेष गाडी आदळली. पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ला, महाडनजीक करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीच्या दगडांवर घसरून पुलावरून खाली गेली. वीसच्या आसपास प्रवाशांनी प्राण गमावले. दोन्ही अपघात जूनमधले, दोन्ही पहिल्या पावसातले. कोकणचा जांभा आणि त्याखालची माती पावसात पाणी पिऊन सैल होते. रुळांसाठी डोंगर उभा कापलेला असतो, तो कापच निसटतो. नवा मार्ग असल्याने हे काप अजून पुरते स्थिरावले नव्हते.

आज पावसाळ्यात गाड्या रेंगाळतात, त्यामागे हे दोन अपघात आहेत. कापांचा उतार कमी करणे, लोखंडी जाळ्या लावणे, भिंती बांधणे ही कामे त्यानंतर वाढविण्यात आली. पावसाळ्यात सहाशेहून अधिक कर्मचारी मार्गावर गस्त घालतात. धोकादायक ठिकाणी चोवीस तास पहारा असतो. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली आदी स्थानकांत पर्जन्यमापक आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी धोक्याजवळ आल्यास इशारा देणारी यंत्रणा आहे. पानवल, मांडवी, जुवारी आणि शरावती येथील पुलांवर वाऱ्याचा वेग मोजला जातो. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले, तर चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणायचा, असा नियम आहे. डब्यात बसलेल्याला वाटते गाडी उगाच रखडली. वास्तविक समोरच्या वळणापलीकडे दगड असेल, तर तो दिसून गाडी थांबावी, यासाठी ही संथ गती असते. २६ जून २०२१ला करबुडे बोगद्यात रुळावर पडलेल्या दगडामुळे मडगावला निघालेली राजधानी एक्स्प्रेस घसरली, पण कुणाला इजा झाली नाही. अठरा वर्षांपूर्वीच्या जूनशी ही घटना ताडून पाहण्यासारखी आहे.

या मंदगतीसाठी पावसाळ्याचे स्वतंत्र वेळापत्रक असते. वर्षानुवर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे राहिले. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आवरते घेण्यात आले. या काळात गाडी मूळ स्थानकावरून सुटण्याची वेळही बदलू शकते. त्यामुळे मे महिन्यात पाहिलेली वेळ लक्षात ठेवून जुलैमध्ये पनवेलला पोहोचणारे प्रवासी दरवर्षी गाडी चुकवितात. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी आठवड्यातून सहा दिवस धावते आणि पावणेआठ तासांत पोहोचते. पावसाळ्यात ती तीनच दिवस धावते आणि सुमारे दहा तास घेते. भाडे मात्र वेगाचेच.

आणि तरीही निसर्ग कधीकधी सगळ्यांना गप्प बसवितो. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडाले तेव्हा वाशिष्ठीचे पाणी पुलापर्यंत चढले, वाहतूक थांबली आणि वाटेतल्या गाड्यांमध्ये हजारो प्रवासी अडकले. जुलै २०२४ मध्ये आधी गोव्यातील पेडणे येथील बोगद्यात पाणी झिरपले, मग काही दिवसांतच विन्हेरे आणि दिवाणखवटीदरम्यान दरड आली आणि सुमारे एक दिवस मार्ग बंद राहिला. पर्यायी रेल्वेमार्ग नाही, आणि २०११ मध्ये पळस्प्यापासून ज्याच्या चौपदरीकरणाला हात घातला गेला, तो मुंबई-गोवा महामार्ग हा कसला पर्याय आहे, हे त्यावरून जाणाऱ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा, मुलाखत किंवा विमान असेल, तर आदल्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नये. एक दिवस हाताशी ठेवावा.

तिकिटाचे कोडे

आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण उघडते त्या सकाळी काही मिनिटांतच प्रतीक्षा यादी शेकड्यांच्या घरात जाते. दलालांचा बंदोबस्त म्हणून २०२५ मध्ये ऑनलाइन तत्काळ तिकिटांना आधार पडताळणी आवश्यक झाली आणि पुढे सर्वसाधारण आरक्षणाच्या पहिल्या काही मिनिटांनाही ती लागू झाली. त्यामुळे खाते आधी पडताळून ठेवणे हे आता गावी जाण्याच्या तयारीचेच एक अंग झाले आहे. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात रेल्वेने विशेष गाड्यांच्या साडेतीनशेहून अधिक फेऱ्या जाहीर केल्या होत्या. पण एकेरी मार्गावर जादा गाडी सोडणे म्हणजे आणखी एक क्रॉसिंग वाढविणे. जागा मिळते, वेळ जातो.

पनवेलच्या प्रवाशाने प्रतीक्षा यादीचे प्रकार ओळखले पाहिजेत. गाडीच्या आरंभीच्या स्थानकावरून दूरवर जाणाऱ्यांची 'जनरल' यादी सर्वांत वेगाने पुढे सरकते. मधल्या स्थानकांमधील प्रवासासाठी 'पूल्ड' कोटा असतो. त्यातल्या जागा मोजक्या आणि दावेदार पुष्कळ. केरळला जाणाऱ्या गाडीत पनवेल ते रत्नागिरी तिकीट मागितले, की बहुधा हीच यादी वाट्याला येते. तिच्यातील विसावा क्रमांक जनरल यादीतील पन्नासाव्याहून अवघड ठरू शकतो. म्हणून अनेक जण मुंबईपासूनचे तिकीट काढून पनवेलला चढतात. तसे करायला हरकत नाही, मात्र चढण्याचे स्थानक मुदतीत रीतसर बदलून घ्यावे. अन्यथा आपण मुंबईला आलो नाही असे समजून तिकीट तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो, आणि पनवेलच्या गर्दीत तो वाद जिंकणे कठीण असते.

आरक्षणाचा पहिला तक्ता पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागे. २०२५पासून तो बराच आधी तयार होऊ लागला आणि सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या दिवशीच कळू लागला. मांडवी किंवा जनशताब्दीने जाणाऱ्याला आता पहाटे पनवेलला धडकून निराश परतावे लागत नाही. पूर्णतः प्रतीक्षेत राहिलेले ई-तिकीट तक्ता लागताच आपोआप रद्द होते. ते घेऊन आरक्षित डब्यात चढल्यास विनातिकीट प्रवासी म्हणून दंड होऊ शकतो. पुष्कळांना हे डब्यात गेल्यावर कळते.

उतरतानाही एक पेच असतो. स्थानकाच्या नावापुढे 'रोड' असेल, तर बहुधा गाव तेथे नसते, गावाकडे जाणारा रस्ता असतो. राजापूर रोडला उतरल्यावर राजापूर शहर पंधरा किलोमीटरहून अधिक दूर राहते. सावंतवाडी रोडहूनही सावंतवाडी गाठायला रिक्षा लागते. 'रोड' न लावलेली रत्नागिरीही शहराबाहेरच उतरविते. गाडी रात्री दोनला आली, तर एसटी नसते. घरच्यांना वाहन घेऊन बोलावण्यापूर्वी गाडी कुठवर आली ते पाहावे, म्हणजे त्यांचेही जागरण वाचते.

युरोपची सहल करून आलेले प्रवासी हमखास इटलीचा दाखला देतात. तेथील लिगुरिया किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रेची पाच गावे जोडणारी गाडीही अशीच बोगद्यांतून धावते आणि दोन बोगद्यांच्या फटीत क्षणभर निळा समुद्र दाखविते. तेथे प्रतीक्षा यादी नाही. वेगवान गाडीत आसनाविना तिकीट मिळत नाही आणि प्रादेशिक गाडीत आसन राखलेच जात नाही. पण तापाचे प्रकार तेथेही आहेत. फलाट क्रमांक अगदी आयत्या वेळी फलकावर येतो, प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट यंत्रात शिक्का मारून घेतले नाही तर दंड होतो आणि रेल्वे कर्मचाऱ्यांचे संप वरचेवर होतात. मात्र कामाच्या दिवशी संप असला, तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठराविक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. युरोपीय नियमांनुसार सर्वसाधारणपणे गाडी एक तास उशिरा पोहोचली तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांवर अर्धा हिस्सा प्रवाशाला मागता येतो. आपल्याकडे उशिराबद्दल अशी भरपाई नाही. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवास केलाच नाही, तर पूर्ण परतावा मिळतो. त्यासाठी ई-तिकीटधारकाने गाडी आपल्या स्थानकावरून प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी ऑनलाइन टीडीआर दाखल करणे आवश्यक आहे. फलाटावर कंटाळून घरी गेलेले अनेक जण दुसऱ्या दिवशी अर्ज करू पाहतात, तेव्हा मुदत टळलेली असते.

रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी सोयीची खरी, पण तिने जाणाऱ्याला हा मार्ग कधी दिसतच नाही. निदान एकदा दिवसाची गाडी धरावी. खानपानासाठी नावाजलेली मांडवी आहे, काचेच्या छताचा डबा असलेली जनशताब्दी आहे आणि घाई नसेल तर दिवा-सावंतवाडी आहे, जी प्रत्येक क्रॉसिंगला थांबून सगळे नीट दाखविते. पनवेलहून जाताना डावीकडे सह्याद्री राहतो. श्रावणात त्याच्या कड्यांवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. उक्षीजवळ रानपाटचा धबधबा रुळांच्या इतका निकट कोसळतो, की खिडकीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर तुषार येतात. मेमध्ये गेलात तर करवंदे आणि जांभळे घेऊन डब्यात चढणाऱ्या बायका भेटतील. सुटे पैसे जवळ ठेवावेत. गाडी एखाद्या लहान स्थानकात थांबली आणि समोरची लाल दिव्याआड कुठे दिसत नसली, तर थांबा किती वेळाचा आहे हे त्यांनाच विचारावे. त्यांना बहुधा माहीत असते.